डॉक्टरविरुद्ध मेडिकल कौन्सिलकडे तक्रार कशी करायची आणि पुढे तिचं काय होतं

आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या, कौन्सिल किंवा बोर्ड, म्हणजे डॉक्टरांची नोंदणी करणारी संस्था, ठरवते ते डॉक्टरच्या लायसन्सचं, तुमच्या पैशांचं नाही. नुकसानभरपाईसाठी कोर्टात जावं लागतं, बिलाचा घोळ किंवा रिसेप्शनवरचं उद्धट बोलणं हे हॉस्पिटलकडेच न्यायचं. हे माहीत नसल्यानं मनापासून लिहिलेल्या तक्रारीसुद्धा पहिल्या छाननीतच बंद होतात, आणि तोवर घरचे आधीच खचलेले असतात म्हणून जास्त वाईट वाटतं.

मग रजिस्टरमध्ये, म्हणजे नोंदणी झालेल्या डॉक्टरांच्या यादीत, डॉक्टरचं नाव शोधा, बहुतेक कौन्सिलच्या वेबसाइटवर ते असतं. जिथे नोंदणी तिथे तक्रार. भारतात राज्याची मेडिकल कौन्सिल, अमेरिकेत त्या त्या राज्याचं बोर्ड, ब्रिटनमध्ये जनरल मेडिकल कौन्सिल. डेंटिस्ट आणि नर्स यांच्या कौन्सिल वेगळ्या.

आता कागद. केस पेपर, डिस्चार्ज समरी, रिपोर्ट, सही केलेले फॉर्म सगळं जमवा. भारतात डॉक्टरांच्या वागणुकीबद्दलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रेकॉर्ड मागितल्यावर ७२ तासांत द्यावं लागतं, त्यामुळे अर्ज लेखीच द्या आणि पोच घ्या. उशीरही करू नका, ब्रिटनमध्ये ५ वर्षांपेक्षा जुनं प्रकरण सहसा घेतच नाहीत.

तक्रार लिहिताना राग येणारच, पण कागदावर तारीख, वेळ, काय झालं, कोण हजर होतं एवढंच येऊ द्या. 'डॉक्टरनं जीव घेतला' असं लिहिण्यापेक्षा 'रात्री दोनदा कळवलं, सकाळपर्यंत कोणी तपासायला आलं नाही' हे कितीतरी जास्त बोलतं, आणि मुख्य म्हणजे ते तपासता येतं. स्वतः पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगवेगळं लिहा. नाव न देता केलेली तक्रार पुढे नेणं अवघड जातं, कारण तिची प्रत साधारणपणे डॉक्टरकडे उत्तरासाठी जाते.

उत्तर आलं की गरजेप्रमाणे त्याच शाखेच्या तज्ज्ञाचं मत घेतात. इथे प्रश्न पेशंटचं वाईट झालं का हा नसतो, त्या परिस्थितीत दुसऱ्या जबाबदार डॉक्टरनं काय केलं असतं हा असतो, आणि बरेच जण इथेच निराश होतात. प्रकरण सुनावणीला गेलं तर तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलावू शकतात, तेव्हा आपल्या तक्रारीची प्रत नीट वाचून जा. निकाल ताकीद, कामावर अटी, काही काळ निलंबन किंवा रजिस्टरमधून नाव काढणं असा काहीही लागू शकतो. पेशंटना तातडीचा धोका दिसला तर काही ठिकाणी चौकशी चालू असतानाच काम थांबवता येतं.

भारतातल्या नियमात निर्णयासाठी ६ महिने दिलेत, तरी जास्त वेळ लागू शकतो, म्हणून तक्रार क्रमांक जपून ठेवा आणि अधूनमधून लेखी विचारणा करत रहा. तक्रार फेटाळली तर कारणं लेखी मागा आणि फेरविचार किंवा अपील तुम्हाला करता येतं का, किती दिवसांत, हे लगेच विचारा, कारण काही ठिकाणी तो हक्क फक्त डॉक्टरलाच असतो.