स्कॉटलंडची प्रेमकथा लिहिताय? आधी नावांचं बघा, या चुका टाळा

माझ्याकडे वाचायला येणाऱ्या हस्तलिखितांत एक गोष्ट हमखास असते. धुक्यातला किल्ला, खोट्या नावाने राहणारा हायलँडर (तिथल्या डोंगराळ भागातला माणूस), त्याच्यावर जीव जडलेली मुलगी आणि टेकडीवर नाचणाऱ्या पऱ्या. हा कथाप्रकार मला मनापासून आवडतो. म्हणूनच त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा बघून जीव तुटतो.

खोटं नाव, पण भीती कसलीच नाही

मागे एका होतकरू लेखकाची कादंबरी आली. काळ १६१०. नायक मॅकग्रेगर घराण्यातला, पण ड्रमंड म्हणून वावरणारा. निवड फार चांगली होती. एप्रिल १६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स याच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे सल्लागार मंडळाने, मॅकग्रेगर हे नावच बंद करून टाकलं होतं. नाव लावलं तर मृत्युदंड. माणसं कॅम्बेल, ग्रॅहम, मरे, ड्रमंड अशी आडनावं घेऊन जगली. बंदी १६६१ मध्ये उठली, १६९३ मध्ये पुन्हा लागली आणि कायमची गेली ती १७७४ मध्ये. याच घराण्यातला प्रसिद्ध बंडखोर रॉब रॉयसुद्धा आईचं कॅम्बेल हे आडनाव लावायचा.

आणि नवव्या प्रकरणात काय होतं? भर बाजारात नायकाचा मित्र लांबून “मॅकग्रेगर!” अशी हाक मारतो. नायक हसून वळतो आणि दोघं दारू प्यायला जातात. मी लगेच फोन केला. तो म्हणाला, “ताई, तो खरा कोण हे वाचकाला कळायला नको का?” मी म्हटलं, “अरे, त्या हाकेत त्याचा जीव जाईल!” त्यावर उत्तर आलं, “मग तेवढी एक ओळ काढतो.”

या “तेवढी एक ओळ” वृत्तीचा मला खरोखर राग येतो. नावाची किंमत जीव असेल, तर ती प्रत्येक पानावर जाणवली पाहिजे. मित्र हाक मारणारच नाही. चुकून मारली, तर नायक वळणार नाही, आणि त्याचं ते न वळणंच नायिकेच्या नजरेत भरेल. आम्ही दोन महिने त्या मजकुराशी झुंजलो. खरा प्रसंग शेवटी लग्नाच्या प्रकरणात सापडला. त्या काळच्या स्कॉटलंडमध्ये दोघांनी एकमेकांना नवरा-बायको म्हणून स्वीकारल्याचं बोलून दाखवलं की लग्न लागत असे. चर्चला ते खटकायचं, पण पाद्री नसला तरी कायद्यापुढे टिकायचं. म्हणजे सगळा भार तोंडून निघालेल्या शब्दांवर. मग हा गडी शपथ कुठल्या नावाने घेणार? त्या लेखकाने तिथे तीन पानं मेजवानीच्या पदार्थांवर घालवली होती.

माझी सवय साधी आहे. वहीच्या पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहिते: हे नाव आज रात्री फुटलं, तर उद्या सकाळी दारात कोण येईल? उत्तर सुचेपर्यंत पुढचं पान उलटत नाही. मागच्या पानावर दोन रकाने असतात, कोणाला काय ठाऊक आहे आणि ते कधी कळलं. नावं जुळवून देणारी यंत्रं वापरून पाच मिनिटांत पात्रं उभी करणाऱ्यांना हे रटाळ वाटतं. वाटू दे.

आणि सोंग फक्त चेहऱ्याने उघडं पडत नाही. जून १७४६ मध्ये, डोक्यावर ३०,००० पौंडांचं इनाम असताना, राजगादीसाठी बंड करून हरलेला राजपुत्र चार्ल्स एडवर्ड ‘बेटी बर्क’ नावाची आयरिश मोलकरीण बनून फ्लोरा मॅकडोनाल्डबरोबर स्काय बेटावर पोहोचला. कपडे ठीक होते. लोकांना खटकल्या त्या त्याच्या लांब ढांगा. तुमच्या नायकाच्या ढांगा कोणत्या, ते आधी शोधा. बहुतेक वेळा ती भाषा असते. डोंगराळ भागातला माणूस गेलिक बोलणारा, सखल भागातला स्कॉट्स. घाबरल्यावर तोंडून कुठला शब्द निघेल?

त्यांना परी म्हणणं

ही माझी दुसरी दुखरी नस. ‘परी’ म्हटलं की मराठी वाचकाला पंख आणि जादूची छडी दिसते. स्कॉटलंडच्या कथांतले हे लोक बहुधा माणसाएवढे, टेकडीच्या पोटात राहणारे, आणि लोक त्यांना घाबरून असत. त्यांचं नावही सरळ घेत नसत. ‘भले शेजारी’ म्हणत, ‘शांतीचे लोक’ म्हणत. आपल्याकडे रात्री सापाला साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात. अगदी तीच भावना. त्यांच्यासाठीचा गेलिकमधला ‘शी’ हा शब्द मराठीत तसाच ठेवला तर वाचक भलत्याच अर्थाने अडखळतो. मी ‘टेकडीतली माणसं’ लिहिते.

आणखी एक. सतराव्या शतकातली नायिका पाद्र्याला बिनधास्त सांगते की मी त्यांच्याबरोबर नाचून आले! बेसी डनलॉप या बाईवर १५७६ मध्ये अशाच संबंधांवरून खटला झाला आणि तिला मृत्यूची शिक्षा झाली. १६६२ मध्ये ऑल्डर्नच्या इझोबेल गाउडीच्या कबुलीजबाबात टेकडीतल्या राणीची भेट आहे. चेटुकाविरुद्धचा कायदा १५६३ पासून १७३६ पर्यंत होता. म्हणजे नायकासारखंच नायिकेकडेही जिवावर बेतणारं गुपित आहे. दोन्ही गुपितं एकमेकांसमोर ठेवून बघा, कथानक कुठे अडलंय ते कळेल.

बाकीचं थोडक्यात. १२९७ च्या स्टर्लिंग ब्रिजच्या लढाईत किल्ट, म्हणजे पुरुषांचा चुणीदार घागरा, नको. मोठा प्लेड, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं लांब लोकरी वस्त्र, सोळाव्या शतकाअखेरचा, आखूड किल्ट अठराव्या शतकातला. प्रत्येक घराण्याचा ठरलेला टार्टन, म्हणजे चौकडीचा नमुना, ही बहुतांशी एकोणिसाव्या शतकातली व्यवस्था. चार्ल्सचं बंड मोडणारी १७४६ ची कलोडनची लढाई म्हणजे स्कॉट विरुद्ध इंग्रज नव्हे, सरकारी सैन्यातही पुष्कळ स्कॉट होते. जांभळं हेदर (तिथलं माळरानावरचं झुडूप) ऑगस्टमध्ये फुलतं, एप्रिलमध्ये नायिकेला त्यात लोळवू नका. जूनमध्ये इन्व्हर्नेसला मध्यरात्रीही पुरता अंधार होत नाही, चोरून भेटायचं तर महिना बदला. बायका लग्नानंतरही माहेरचंच आडनाव लावत.

टेकडीतला काळही नुसता शोभेला वापरतात. आत एक रात्र, बाहेर सात वर्षं. आणि परतल्यावर आई तेवढी म्हातारी झालेली. एवढ्यावर थांबू नका, साल लावून बघा. नायक १७४५ च्या शरदात प्लेड पांघरून आत गेला, तर बाहेर येईल १७५२ मध्ये. मधल्या काळात कलोडनचा पराभव झालाय, आणि १ ऑगस्ट १७४७ पासून पुरुषांना हायलँड पोशाख घालायला बंदी आहे. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सात वर्षं समुद्रापार हद्दपारी. सूट फक्त सैन्यातल्यांना. त्याला यातलं काहीच ठाऊक नाही. तो कालचेच कपडे घालून टेकडी उतरतोय, आणि खालच्या वाटेवर लाल कोटातले शिपाई उभे आहेत. ते पहिला प्रश्न नावच विचारणार.