फोर्कलिफ्टला ग्रीस मारताना या चुका टाळा

देखभालीच्या चार्टवर सही आहे, निपलवर (ग्रीस आत भरायच्या तोंडावर) ग्रीसचा लपका आहे, तरी वळताना मागचा किंगपिन, म्हणजे मागचं चाक ज्यावर वळतं ती उभी पिन, करकरतोय. समजायचं की ग्रीस मारलंय, पण पोचलेलं नाही. तो लपका बहुतेक वेळा बाहेरच सांडलेला माल असतो.

पहिली चूक न पुसण्याची. निपलच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढी गोळी असते आणि तिच्यामागे स्प्रिंग. गनच्या दाबाने गोळी आत सरकते, दाब सुटला की पुन्हा तोंड बंद करते. त्यावरची धूळ पहिल्याच स्ट्रोकला बुशमध्ये, म्हणजे पिनभोवतीच्या नळीत, शिरते आणि ग्रीसची घासण्याची पेस्ट होते. चिंधीने निपल पुसा आणि गनचं तोंडही. हे दुसरं हमखास राहतं.

निपल ग्रीस घेत नसला की माणूस हँडलवर लोंबकळतो. नका करू. हाताची गनसुद्धा हजारो पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब देते. गनच्या फुटक्या पाइपातून ग्रीस कातडीत घुसलं तर वर नुसता ठिपका दिसतो, सुरुवातीला दुखतही नाही. तरीही थेट हॉस्पिटल गाठायचं, संध्याकाळची वाट पाहायची नाही.

आधी गन मोकळ्यात चालवून पाहा. नवीन कार्ट्रिज घातल्यावर हवा अडकते आणि दोष निपलला लागतो. गन ठीक असेल तर निपल काढून गनला लावा. ग्रीस आलं तर निपल चांगला, आतली वाट तुंबलीय. नाही आलं तर निपल बदला, पण आटे मोजून. एम १०×१ (मेट्रिक) आणि १/८ इंच बीएसपी (ब्रिटिश पाइप) हे दोन आटे शेजारी ठेवले तरी ओळखू येत नाहीत. एम १०चा बाहेरचा व्यास १० मिमी, बीएसपीचा ९.७३ मिमी. चुकीचा निपल थोडा फिरतो म्हणून पान्ह्याने रेटला की भोकाचे आटे गेले.

कधी वाट मोकळी असते, पण वजनाने पिन बुशला एका बाजूला चिकटलेली असते आणि ग्रीस सोप्या बाजूने पळतं. किंगपिनला ग्रीस मारताना मागचा ॲक्सल जॅकने उचला, स्टँड लावा, मग मारा. काळं ग्रीस बाहेर येईल, पाठोपाठ ताज्या रंगाची कड दिसेल, तिथे थांबा. फोर्क मात्र जमिनीवर, चावी काढलेली, हँडब्रेक ओढलेला हवा.

पण ‘बाहेर येईपर्यंत’ हा नियम सगळीकडे लावू नका. चाकाच्या बेअरिंगमध्ये जास्त कोंबलं की सील उलटतं आणि ग्रीस ब्रेक लायनरवर जातं.

रंग पाहून ग्रीस मिसळणं ही तर जुनीच खोड. रंग कंपनी घालते. त्यावरून ग्रीस घट्ट करणारा पदार्थ लिथियम आहे की पॉलियुरिया ते कळत नाही. चुकीची जोडी पातळ होऊन गळू शकते. डब्यावरचा एनएलजीआय २ हा फक्त घट्टपणाचा आकडा आहे.

मास्टच्या, म्हणजे फोर्क वरखाली नेणाऱ्या उभ्या खांबाच्या, चेनला ग्रीस फासू नका. ते वरच बसतं, पिन आणि पट्ट्यांच्या फटीत उतरत नाही. तिथे चेनचं तेलच लागतं.

मॅन्युअलमधल्या आकृतीवरून निपल एकदा मोजा आणि प्रत्येकाशेजारी पेंटचा ठिपका द्या. चुकतो तो बहुधा स्टीअरिंग लिंकमागचा. गाडी प्रेशरने धुतली असेल तर चार्टवरच्या पुढच्या तारखेसाठी थांबू नका, त्याच दिवशी ग्रीस मारा.