नळी घासली म्हणजे छर्रे नेमके जातात का? बारा बोअर साफ करण्याची आणि तपासण्याची रीत

निवडणुकीची आचारसंहिता संपली की आमच्या सिंधुदुर्गात पोलीस ठाण्यात जमा केलेल्या शेतीसंरक्षणाच्या बंदुका घरी येतात. दमट हवेत महिना-दोन महिने पडून राहिलेल्या नळीत तांबूस भुकटी धरलेली असते. मग वाडीतलं कुणीतरी हमखास सांगतं, "नळी आतून आरशासारखी घासून घे, छर्रे एका जागी पडतील." वडिलांची दुनळी आता माझ्या परवान्यावर आहे आणि हा सल्ला मी लहानपणापासून ऐकत आलोय. तो अर्धाच खरा आहे. नळी साफ करायलाच हवी. घासून चकाकी आणायच्या भरीला मात्र पडू नका, त्यात बंदूक कायमची बिघडते.

असं का, ते आधी बघू. बारा बोअर हे छर्ऱ्याच्या बंदुकीच्या नळीचं माप, तिचा आतला व्यास साधारण 18.5 मिलिमीटर असतो. तोंडाशी ती किंचित आवळत आणलेली असते, त्याला चोक म्हणतात. फुल चोकलाही हे आवळणं जेमतेम 1 मिलिमीटर. छर्रे किती पसरणार हे मुख्यतः चोक, छर्ऱ्यांचा आकार आणि शिशाचा कडकपणा यांवर ठरतं. मऊ छर्रा बार होताना चेपतो, आणि चेपलेला छर्रा हवेत भरकटतो. शिवाय आजच्या बहुतेक काडतुसांत छर्रे प्लॅस्टिकच्या कपात असतात, त्यांचा नळीशी फारसा संबंधच येत नाही. फेल्टच्या बुचाच्या जुन्या धर्तीच्या काडतुसांत मात्र छर्रे नळीला घासतात आणि शिशाचा लेप मागे राहतो. हा लेप, नाहीतर प्लॅस्टिकचा थर, चोकमध्ये जाड बसला तर फैलाव बिघडू शकतो. तो काढला की नळी मूळ पदावर येते, त्याहून सरस होत नाही.

आता साफसफाई. बंदूक उघडा, काडतुसाची दोन्ही घरं रिकामी असल्याची डोळ्याने आणि बोटाने खात्री करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. नळ्या दस्त्यापासून सुट्या करा. पडवीत, मोकळ्या हवेत बसा, कारण शिशाची धूळ पोटात जाणं वाईट. पोरांना जवळ बसवू नका.

नळी उजेडाकडे धरून मागच्या बाजूने बघा. चांगल्या नळीत उजेडाची एकात एक अशी गोल कडी दिसतात, विहिरीत खडा टाकल्यावर उठतात तशी. एखादं कडं मोडलेलं किंवा वाकडं दिसलं तर तिथे पोचा किंवा फुगवटा आहे. अशी नळी वापरू नका, परवानाधारक कारागिराला दाखवा. करड्या, मळकट रेघा दिसल्या तर ते शिसं. तोंडाजवळचा पातळ पापुद्रा बहुधा प्लॅस्टिकचा.

चिंधीला सॉल्व्हंट, म्हणजे मळ सोडवणारं द्रव, लावून गजाने काडतुसाच्या घराकडून तोंडाकडे फिरवा आणि दहा-पंधरा मिनिटं तसंच मुरू द्या. मग ब्राँझचा ब्रश दहा-बारा वेळा आरपार न्या. मध्येच उलटा ओढू नका, केस वाकतात. शिसं हटत नसेल तर जुन्या ब्रशवर तांब्याची बारीक लोकर गुंडाळून तेवढ्याच जागी फिरवा. कोरड्या चिंध्या स्वच्छ येईपर्यंत फिरवत राहा, शेवटी मशीन तेलाचा पातळ हात द्या. खोबरेल घरात असतं म्हणून तेच लावायची आपल्याकडे सवय आहे, पण ते 24 अंशांच्या खाली गोठतं आणि पुढे खवट होतं. ते नकोच. चिंधी आत राहिली नाही ना, हे आरपार बघून घ्या. तोंड बुजलेल्या नळीतून बार काढला तर नळी फुटते. मग साबणाने हात धुवा.

इथेच थांबा. ड्रिलला पॉलिशपेपर लावून नळी चमकवण्याचं काम करून देणारे भेटतात. शेजारच्या वाडीतल्या एका बंदुकीचं असंच झालं. आत तोंड दिसेल अशी लकाकी आली, पण चोकचं आवळणं कमी झालं. चोकच्या आवळण्याच्या पायऱ्या असतात, एक पायरी म्हणजे साधारण पाव मिलिमीटर, वहीची दोन-तीन पानं एकावर एक ठेवाल तेवढाच. तेवढं लोखंड ड्रिलखाली बघता बघता जातं आणि परत घालता येत नाही. गंजाने पडलेले खड्डेही घासून जात नाहीत, फक्त भोवतीची भिंत पातळ होते.

फरक पडला का हे कागदावर मोजा. हे काम अधिकृत शूटिंग रेंजवरच. बागेत नको, आणि वांदर-डुकरांवर तर नाहीच. वन्यजीव कायदा 1972 पासून आहे. चार फुटी कागद 40 यार्डांवर, म्हणजे 36.5 मीटरवर उभा करा. नळीतलं तेल पुसून काढा आणि मधोमध एकच बार टाका. मग जिथे छर्रे सगळ्यात दाट पडलेत तिथे खिळा रोवून 38 सेंटिमीटरच्या दोरीने वर्तुळ काढा आणि आतली भोकं पेन्सिलीने खूण करत मोजा. काडतुसातल्या एकूण छर्ऱ्यांपैकी 70 टक्के आत आले तर फुल चोक, 60 टक्के तर हाफ, 40 च्या आसपास असतील तर चोक नसल्यासारखाच.

एका कागदावर काही ठरवू नका. समजा साफ करण्याआधी 120 भोकं आली आणि नंतर 135, तरी जिंकलो असं नाही. त्याच डब्यातल्या लागोपाठच्या दोन काडतुसांतही एवढा फरक पडू शकतो. साफ करण्याआधी दहा आणि नंतर दहा कागद करा, निदान पाच-पाच तरी, आणि सरासरी काढा. दुनळीची प्रत्येक नळी वेगळी मोजा. काडतुसं महाग आहेत हे मला ठाऊक आहे, पण बिघडलेली नळी त्याहून महाग पडते. सरासरी जवळजवळ तीच राहिली तर काडतूस बदलून बघा. कडक शिशाचे छर्रे किंवा छर्ऱ्यांचा वेगळा नंबर, म्हणजे वेगळा आकार, घेतलात तर कागदावर लगेच कळेल.

मृग लागायच्या आत बंदूक एकदा पुन्हा पुसून घ्या. आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यात किनाऱ्याची खारी हवा. चामड्याच्या किंवा रेक्झिनच्या खोळीत चार महिने ठेवलीत तर ओल आतच कोंडते. खोळ काढा, कोरड्या कपाटात कुलपात ठेवा, तोंड खाली करून, म्हणजे तेल दस्त्याच्या लाकडात मुरणार नाही. आणि पंधरा दिवसांतून एकदा, पावसाने उघडीप दिली की, कोरडी चिंधी फिरवून बघा ती तांबूस होते का.