वसतिगृहाच्या खोलीतील काटकसर : पाणी, वीज आणि सामान

वसतिगृहात इमारत आपली नसते, विजेचे बिल आपल्या नावावर येत नाही आणि छतावरच्या टाकीत पाणी किती आहे याची चौकशी नळ कोरडा पडेपर्यंत कोणी करत नाही. म्हणून येथे पर्यावरण सांभाळून राहायचे, तर आपल्या हातात नेमके काय आहे हे आधी पाहावे. माझ्या मते मुख्य गोष्टी दोनच आहेत : गरम पाणी आणि खोलीतले सामान.

मोबाइलचा चार्जर भिंतीवरून काढून ठेवण्याचा उपदेश सर्वांनी ऐकलेला असतो. पण आजचा चांगला चार्जर रिकामा असताना ०.१ वॉटच्या आसपासच वीज घेतो, म्हणजे वर्षभरात एक युनिटही नाही. याउलट १५ लिटर पाणी २० अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ०.३५ युनिट लागते, आणि तेवढ्या विजेवर ९ वॉटचा एलईडी दिवा सुमारे ३९ तास जळतो. शॉवरखाली मिनिटभर बादली धरावी आणि जमलेले पाणी लिटरच्या बाटलीने मोजावे. आठ लिटर भरले, तर दहा मिनिटांच्या आंघोळीला ८० लिटर लागतात हे लगेच कळते. साबण लावताना पाणी बंद ठेवणे, किंवा सरळ बादलीने आंघोळ करणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे. वसतिगृहात विजेची किटली चालत असेल, तर ज्या कपातून प्यायचे त्यानेच पाणी मोजून घालावे. मात्र किटलीवरील किमान पातळीच्या खुणेखाली जाऊ नये.

सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला २० लिटरच्या आसपास पाणी वाया घालवतो. बहुतेक वेळा केवळ वॉशर झिजलेला असतो, पण तक्रारवहीत मजला आणि नळ नेमका कोणता ते लिहिले नाही, तर दुरुस्तीला आलेला माणूस भलताच नळ पाहून परत जातो. कपडे साठवून, यंत्र पूर्ण भरल्यावर, थंड पाण्यात धुवावेत आणि दोरीवर वाळवावेत. मेसमध्ये आधी थोडेच वाढून घ्यावे, लागले तर पुन्हा घ्यावे.

सामानाचा खरा कचरा पहिल्या आणि शेवटच्या आठवड्यात होतो. प्रवेश मिळताच बाजारात धावण्याऐवजी खोलीतल्या सोबत्यांशी आधी बोलावे, कारण तिघांच्या खोलीत तीन इस्त्र्या आणि तीन केरसुण्या हव्यात असे मुळीच नाही. खोली सोडून जाणाऱ्या विद्यार्थ्यांकडून बादली, टेबलावरचा दिवा, कपड्यांचे हँगर सहज मिळतात. विजेची वस्तू घेताना मात्र वायरचे आवरण फाटलेले नाही ना, हे पाहूनच घ्यावी.

शेवटच्या आठवड्याची तयारी परीक्षेआधीच करावी, कारण शेवटचा पेपर झाला की गाडी पकडण्याच्या घाईत चांगली गादीसुद्धा जिन्याखाली टाकली जाते. वह्यांतली कोरी पाने काढून एकत्र शिवली, की कच्च्या कामाची वही तयार होते. बिघडलेले इअरफोन आणि जुन्या बॅटऱ्या साध्या कचऱ्यात टाकू नयेत. लिथियमची बॅटरी चिरडली गेली तर पेट घेऊ शकते, म्हणून त्या ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रातच द्याव्यात. जे सामान पुढच्या मुलांसाठी ठेवायचे, ते धुऊन, पूर्ण वाळवून खोक्यात भरावे आणि आत काय आहे याची यादी खोक्यावर चिकटवावी. बंद आणि बेनाव खोके सफाईच्या दिवशी कचऱ्यातच जाते.