दोन भांडखोर, एक डबा: विनोदी चित्रपुस्तक कसं करावं

कागद, पेन्सिल, रंग आणि स्टेपलर घरात आहे असं धरून चालते. चित्रकला येत नसेल तर काड्यांची माणसं काढा, पोरं तक्रार करत नाहीत.

आधी भांडण ठरवा, पात्रं नंतर. भांडण क्षुल्लक हवं आणि भांडणाऱ्यांना मात्र ते जिवावरचं वाटायला हवं. बांधाच्या किंवा पाण्याच्या वादावर कुणी हसत नाही. 'माझी चकली जास्त कुरकुरीत' यावर हसतात. माझ्या पुस्तकात चाळीच्या एकाच गॅलरीत राहणाऱ्या दोन आज्या आहेत. गोदाआजी शेवग्याच्या शेंगेसारखी उंच आणि वाळकी, सुमाआजी बुटकी आणि गरगरीत. आकारात एवढा फरक असला की अर्धा विनोद चित्रातच होऊन जातो. आज्या मुद्दामच घेतल्या. ससे, कोल्हे आणि माकडं भांडून भांडून थकली आहेत, आणि मोठ्या माणसांना आपल्यासारखं भांडताना पाहिलं की पोरांना जो आसुरी आनंद होतो त्याला तोड नाही.

आता डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना. ए-फोरचे सहा कागद एकात एक ठेवून मधोमध दुमडा, घडीवर दोन पिना मारा. झाली २४ पानं. पिनेच्या पुस्तकाची पानं ४ च्या पटीतच येतात, त्यामुळे '२१ पानांत गोष्ट बसली' ही आनंदाची बातमी नसते. पहिलं पान शीर्षकाला जातं, दुसरं नावं-श्रेयांना, गोष्ट तिसऱ्यापासून. डमी न करता संगणकावर सलग मजकूर लिहिणाऱ्यांना मी काही सांगत नाही. त्यांचं पुस्तक छापायला गेल्यावर त्यांना आपोआप कळतं.

डमी हातात आली की एक गोष्ट लक्षात येते. विषम आकड्याचं पान नेहमी उजवीकडे असतं आणि उलटतो ते तेच. म्हणून ताण उजव्या पानाच्या तळाशी हवा आणि फजिती पुढच्या डाव्या पानावर. समोरासमोरच्या पानांवर दोन्ही ठेवलंत तर पोरांचे डोळे आधीच पलीकडे जातात आणि तुमचा विनोद वाचण्याआधीच शिळा होतो. जोडपानभर चित्र असेल तर कुणाचाही चेहरा घडीवर आणू नका. पहिल्या डमीत माझ्या गोदाआजीचं नाक पिनेखाली गेलं होतं.

भांडण तीन पायऱ्यांनी वाढवा. चौथी पायरी लिहावीशी वाटली तरी आवरा.

आता समेट. सगळी पुस्तकं इथेच मरतात, माझंही मेलं होतं. पहिल्या खर्ड्यात मी चाळीतल्या एका गोड मुलीला मध्ये घातलं. ती म्हणाली, 'आजी, भांडू नका ना, एकीचं बळ मोठं असतं.' दोघी आज्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, गळाभेट झाली. मला स्वतःलाच भरून आलं होतं. बालवाडीतल्या वीस-बावीस पोरांसमोर ते वाचलं. भांडणं चालू होती तोवर पोरं खिदळत होती. गळाभेटीच्या पानावर शांतता पसरली. मी समजले, भारावली. मग पहिल्या ओळीतल्या एकाने विचारलं, 'पण चकल्या कुणी खाल्ल्या?'

त्याचंच बरोबर होतं. मी गोष्ट सोडून शिकवणीला लागले होते आणि ते त्याला माझ्या आधी कळलं.

'बोध हवाच' असं बजावणारी मंडळी तुम्हाला भेटतील. त्यांना चहा द्या आणि ऐकू नका. उपदेश ऐकून कुठलाही भांडखोर माघार घेत नाही, पोरं तर नाहीच नाही. समेट होतो तो अडल्यामुळे. हे मला नवीन पुस्तकांनी नाही, महाभारतातल्या शांतिपर्वाने शिकवलं. भीष्म युधिष्ठिराला तिथे एका वडाच्या झाडाची गोष्ट सांगतो. बुंध्याशी पलित नावाचा उंदीर, फांद्यांत लोमश नावाचा बोका. बोका पारध्याच्या जाळ्यात अडकतो आणि उंदीर खूश होऊन बाहेर येतो. तेवढ्यात त्याला खाली मुंगूस दिसतं, वर घुबड. वाचण्याची एकच जागा उरते, ती म्हणजे बोक्याची कूस. मग सौदा ठरतो: तू मला जवळ घे, मी तुझं जाळं तोडतो. घुबड आणि मुंगूस निराश होऊन जातात, पण उंदीर काही घाई करत नाही. शेवटचा धागा तो पारधी येताना दिसेपर्यंत ठेवतो, म्हणजे सुटलेल्या बोक्याला पळायलाच वेळ असेल, उंदीर खायला नाही. नंतर बोका मैत्रीच्या गप्पा मारायला येतो, तेव्हा उंदीर बिळातूनच त्याला वाटेला लावतो.

यातल्या तीन गोष्टी मी चोरल्या. दोघांची गरज वेगवेगळी, वाट मात्र एकच. वेळ कमी. आणि काम झाल्यावरही दोघे होते तसेच.

मग दुसरा खर्डा असा झाला. दिवाळी. सुमाआजीचा स्टीलचा डबा, झाकण गच्च बसलेलं. चमच्याची दांडी घालून झाली, कडेने उलथनं ठोकून झालं. दारात चाळीतली पोरं चकलीसाठी रांगेत उभी. तेवढ्यात गोदाआजी मजा बघायला येते. सुमाआजीला चकली खाऊ घालून जिंकायचंय. गोदाआजीला ती चकली मऊ पडलीय हे सगळ्यांदेखत दाखवायचंय. म्हणजे डबा उघडावा असं दोघींनाही मनापासून वाटतं! इकडे रांगेतली पोरं कंटाळून जिन्याकडे निघाली आहेत.

'आण इकडे, तुला नाही जमायचं.'

'माझा डबा आहे, मी उघडीन.'

गोदाआजीच्या हातात झाकण, सुमाआजीच्या पोटाशी डबा. 'गोदे, सोड!' 'सुमे, तूच सोड!' दोघी आपापल्या बाजूला खेचतात. इथे १५ वं पान संपतं.

१६-१७ च्या जोडपानावर एकच शब्द आहे, 'धप्प!' दोन आज्या दोन टोकांना उताण्या आणि मधल्या सगळ्या आकाशात चकल्या.

हे सापडायला मला पाच महिने लागले, म्हणून जरा जोरात सांगते: सहकार्यासाठी भांडण थांबवू नका. भांडणानेच काम होऊ द्या. दोघींनी समजुतीने एकेक बाजू धरली असती तर त्यात काय हसण्यासारखं होतं? त्यांना कळलंही नाही की त्यांनी एकमेकींना मदत केली, पण समोर बसलेल्या प्रत्येक पोराला कळलं. तुमच्या गोष्टीत दोन वैरी कशावरून ओढाताण करतात ते शोधा आणि ती ओढाताण कशाच्या तरी कामी येते का ते बघा. येत नसेल तर भांडण बदला. समेटावर ठिगळं लावत बसू नका, मी लावली आहेत, दिसतात.

मोठ्यांच्या मुखी एकही शहाणं वाक्य ठेवू नका. लहान मुलांच्या मुखी तर मुळीच नको.

शब्द आणि चित्र यांना एकमेकांची री ओढायला लावू नका. चित्रात दिसतंय ते लिहिलं की पान जड होतं. त्याहून गंमत म्हणजे शब्दांना धादांत खोटं बोलू द्या. माझ्या पाचव्या पानावर लिहिलंय, 'गोदाआजीचं शेजारी काय चाललंय याकडे मुळीच लक्ष नव्हतं.' चित्रात ती भिंतीला पेला लावून कान देऊन बसली आहे. पोरं ओरडतात, 'खोटं! खोटं!' वाचणाऱ्याने मान वर न करता पुढे वाचायचं.

यमक नको. 'चकली'ला 'ढकली' जुळवायच्या नादात मी एकदा सुमाआजीला जिन्यावरून ढकलली होती.

रंगवण्याआधी डमी मोठ्याने वाचा, आणि घरच्यांसमोर नको, ते हसतातच. पाच-सहा वर्षांची दहा पोरं मिळवा. 'आवडलं का' विचारू नका, सगळी 'हो' म्हणतात. कुठल्या पानावर चुळबूळ सुरू होते ते पाहा आणि त्या पानावर पेन्सिलीने फुली मारा. माझं अकरावं पान तीन वेगळ्या गटांत फुलीवर आलं, तेव्हा चकलीच्या भाजणीचं ते अतिशय सुंदर वर्णन मी जड मनाने काढलं.

शेवटचं पान डावं आहे आणि पुस्तकाच्या पाठीवर पडतं, ते वाया घालवू नका. दोघी सुधारल्या आहेत का, हे सगळ्यांना तिथे बघायचं असतं. माझ्याकडे २२-२३ वर पोरं जमिनीवरच्या चकल्या वेचून खातात आणि डबा कुणी उघडला यावरून नवं भांडण लागतं. पान उलटलं की दुसरा दिवस. गोदाआजी अनारशांचा डबा गुडघ्यांत धरून बसली आहे, झाकण हलत नाही, आणि ती गॅलरीकडे तोंड करून हाक मारते, 'सुमे, जरा भांडायला ये गं!' त्याखाली मी आधी 'समाप्त' लिहिलं होतं. तेही खोडलं.