मशीनमागचं परस आणि चैत्राचं ऊन

माझं शिलाई मशीन मागच्या दाराला लागून आहे. बाही जोडता जोडता मान वर केली की परस दिसतं. रुंदी 18 फूट, लांबी 25. अंदाजानं नाही, टेपनं मोजलंय. दुपारी अडीचला दोडक्याची पानं कशी मलूल होतात आणि सहा वाजता तीच कशी ताठ होतात, हे इथं बसून मी गेले 14 उन्हाळे बघतेय. फलटणला होळी झाली की ऊन अंगावर यायला लागतं आणि चैत्रात दुपारी चाळिशीला टेकतं. गल्लीतल्या बऱ्याच जणींची भाजी याच दोन महिन्यांत जाते. उन्हानं जाते त्यापेक्षा अवेळी घातलेल्या पाण्यानं जास्त जाते, असं माझं मत आहे.

भरदुपारी पान लोंबताना दिसलं की जीव कळवळतो आणि हात पाइपकडं जातो. तो आवरायचा. दोडका, काकडी, भोपळा यांची पानं मोठी. मुळं ओढतील त्याहून जास्त पाणी पानांतून उडून जातं, म्हणून वेल दुपारपुरता मान टाकतो. खरी तहान सकाळी सातला बघायची. तेव्हाही पान लोंबत असेल तर पाणी कमी पडतंय. नाहीतर बोट दोन पेरं मातीत घालायचं. टोकाला गार लागलं तर त्या दिवशी पाण्याला सुट्टी. पहिल्या वर्षी मला हे कुठलं माहीत! काळा पाइप सकाळपासून उन्हात पडलेला, आणि मी दुपारी एकला त्याचं तोंड सरळ काकडीच्या आळ्यात धरलं. आत साठलेलं पाणी चहाच्या आधणासारखं निघालं. संध्याकाळी अकराच्या अकरा रोपं उकडलेल्या पालेभाजीसारखी मातीला चिकटलेली. तेव्हापासून माझं पाणी साडेसहाच्या आत उरकतं, आणि पाइपातलं पहिलं पाणी बादलीत.

होळीच्या आठवड्यात मी परस मोकळं करायला घेते. मेथी, पालक, फ्लॉवर यांचे दिवस संपलेले असतात. कोथिंबीर गरमीनं फुलावर येते. धन्यांसाठी दोन-चार झाडं ठेवून बाकीची वाटणात घालते. टोमॅटोचा मोह मात्र कुणाला सुटत नाही. पारा 35 च्या वर राहायला लागला की त्याची फुलं गळतात, मग खत घाला नाहीतर आरती ओवाळा. शेवग्याच्या विरळ सावलीतली दोन झाडं तेवढी मी ठेवते. वांगी मात्र उपटू नका. जमिनीपासून वीतभर राखून छाटायची आणि बुडाशी घमेलंभर कुजलेलं शेणखत द्यायचं. खोडव्याला परत फूट येते.

पेरायचं काय? भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, कारली आणि तांदुळजा. सात पुरे. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात बी पडलं की सगळ्यात बरं. उशीर झालाच तर गवार, चवळी आणि तांदुळजा पाडव्यापर्यंत चालतात. उशिराच्या भेंडीला मात्र पांढरी माशी गाठते, आणि तिच्याबरोबर केवडा येतो, म्हणजे पानाच्या शिरा पिवळ्याजर्द होतात. मराठवाडा कृषी विद्यापीठाची परभणी क्रांती ही जात याच रोगाला तोंड देण्यासाठी काढलेली. मी तीच लावते, तरी एखादं झाड पिवळं पडतंच. दिसल्या दिवशी ते उपटायचं. औषध नाही त्याला. भेंडीचं बी रात्रभर भिजवायचं. कारल्याचं कवच टणक, ते नेलकटरनं टोकाला किंचित छाटून 24 तास भिजत ठेवते. कैची वापरत नाही, धार जाते.

दोडक्याचं बी घरचं. सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणायचो, ते राखेत घोळवून कापडाच्या पुरचुंडीत फडताळात ठेवायच्या. देशी बियाणं जपणाऱ्या, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा गल्लीत एकदम सगळ्यांना आपापल्या सासवांच्या पुरचुंड्या आठवल्या. आत्या तोवर गेल्या होत्या.

आता माती. आमची काळी. उन्हाळ्यात तिला बोटभर रुंद भेगा पडतात आणि आतली ओल त्या वाटेनं निघून जाते. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी’ असं शेतात म्हणतात, ते परसातही लागू आहे. खुरप्यानं वरची दोन बोटं माती भुसभुशीत केली की भेगा बुजतात. त्यावर लगेच पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, अंथरायचं. नीरा उजव्या कालव्यामुळं आमच्याकडं उसाला तोटा नाही, आणि तोडणी झाली की पाचट पेटवून देणारे अजून आहेत. काडी पडायच्या आत तिथं पोचायचं. सहा पोती पाचट मला सगळ्या वाफ्यांना पुरतं. विळ्यानं वीतवीत तुकडे करून चार बोटं जाडीचा थर द्यायचा, पण खोडाभोवती दोन इंच जागा मोकळी सोडायची. खोडाला चिकटलं तर बूड कुजतं. अगदी कोरडं राहिलं तर वाळवी येते, म्हणून पाणी देताना पाचटही ओलं करायचं. आणि हो, त्याखाली गारवा असतो हे आपल्याइतकंच सापालाही कळतं. काकडी तोडायला वाकण्याआधी काठीनं पाचट हलवायची सवय ठेवा.

पाण्यासाठी मी माठ पुरलेत. कुंभाराकडचे साधे, रंग न दिलेले, पाच-पाच लिटरचे चार. मानेपर्यंत मातीत पुरायचे, भोवती वीतभर अंतरावर तीन-तीन वेल लावायचे, तोंडावर पणती पालथी घालायची. उघडं ठेवलं तर डास होतात. पाणी माठातून झिरपतं आणि मुळं आपण होऊन तिकडं वळतात. तिसऱ्या दिवशी माठ भरायचा. घरातला पिऊन जुना झालेला माठ चालत नाही. मी पुरून बघितला; आठवड्यानंही पाणी तसंच, क्षारानं भोकं बुजलेली. नव्या माठाला पैसे पडतात, पडू देत.

सावलीचं गणित सोपं आहे. सकाळचं ऊन हवं, तीननंतरचं पश्चिमेचं ऊन मारतं. म्हणून पश्चिमेच्या कडेला मक्याच्या दोन ओळी, आणि त्यांच्या आत मांडव. मांडवाला बांबू, आडवा काथ्या, आणि वेल बांधायला सुती कापडाच्या पट्ट्या. माझ्याकडं चिंध्यांची काय कमी! सुतळीनं वेल कापला जातो, नायलॉननं तर नक्कीच. पट्टी इंचभर रुंद घ्यायची आणि गाठ इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी, एक वेटोळं बांबूला, एक वेलाला. तांदुळजासारख्या पाल्यावर जुनी सुती साडी चार काठ्यांना ताणून बांधते. माझं परस त्यामुळं लग्नघरासारखं दिसतं.

आता ज्याच्यासाठी मी एवढा वेळ खाल्ला ते सांगते. ‘वेल फुलांनी भरलाय पण दोडका एकही नाही’ ही तक्रार दर चैत्रात दहा जणी तरी करतात. पहिल्यांदा येतात ती नर फुलं, घोसानं. गरमीत ती जास्तच येतात. मादी फूल एकटं येतं आणि त्याच्या मागं करंगळीएवढा, शिरा उमटलेला दोडका आधीच असतो. परागकण नरातून मादीत गेले नाहीत तर तो पिवळा पडून गळतो. दोडक्याचं फूल उमलतं संध्याकाळी, साधारण पाचनंतर. दुधीचं पांढरं फूलही दिवस मावळताना. काकडी, कारलं आणि लाल भोपळा सकाळी. म्हणजे सकाळी आठला दोडक्याशी खटपट करून काही उपयोग नाही, आणि संध्याकाळी भोपळ्याशी.

मी साडेपाचला मशीन थांबवते. दिवसभर मिटलेल्या कळ्या तोवर सुटायला लागलेल्या असतात, आधी चुरगळलेल्या पिवळ्या क्रेपसारख्या, मग पाकळी सपाट. ताजं नर फूल देठासकट तोडायचं आणि पाकळ्या मागं दुमडायच्या. मधल्या केसरांना बोट लावलं की हळदीसारखी पूड बोटावर आली पाहिजे. नाही आली तर दहा मिनिटं थांबा. ते केसर मादी फुलाच्या मधल्या हिरवट भागावर तीन-चार वेळा हलकेच टेकवायचे, घासायचे नाहीत. एका नरात दोन माद्या होतात. ज्या फुलाला लावलं त्याच्या देठाशी मी रंगीत दोऱ्याचं सैल वेटोळं घालते: सोमवारी लाल, मंगळवारी हिरवा, रिळं समोरच असतात. तीन-चार दिवसांत दोडका लांबायला लागला की काम झालं. मधमाश्या असतील तर एवढं करावं लागत नाही. त्यांच्यासाठी मी उथळ परातीत खडे घालून पाणी ठेवते, खडे नसतील तर त्या बुडतात. बुलबुलही तिथंच येतो आणि जाताना टोमॅटोला चोच मारून जातो.

दोडका धरला की फळमाशी टपलेलीच असते. कोवळ्या फळाला ती डंख करून आत अंडी घालते, मग फळ वाकडं होतं, डिंकासारखा थेंब येतो आणि कापलं की आत अळ्या. यावर माझा उपाय धंद्यातलाच आहे. अस्तराच्या उरलेल्या मलमलीच्या पिशव्या शिवते, चार इंच रुंद, पंधरा इंच लांब, वर नाडी. मादी फूल मिटलं की दुसऱ्या दिवशी पिशवी चढवायची. कारल्याला आठ इंच पुरते. सगळ्यांना पिशव्या घालणं होत नसेल तर क्यू-ल्यूरचा, म्हणजे माशीला ओढून घेणाऱ्या वासाचा, कामगंध सापळा एक टांगा. त्यात नर माश्या अडकतात. किडलेलं फळ खताच्या खड्ड्यात टाकायचं नाही, अळी मातीत जाऊन कोष करते आणि पुन्हा माशी होते. प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं आणि दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवायचं.

बाकी किडींचं थोडक्यात. काकडीच्या रोपांवर तांबडे भुंगेरे आले तर सकाळी दंव असताना चुलीची राख भुरभुरायची. मावा आणि पांढऱ्या माशीला निंबोळी अर्क: 50 ग्रॅम निंबोळ्या भरड कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर ठेवायच्या, दुहेरी कापडानं गाळायचं, अंगाचा साबण चिमूटभर किसून घालायचा आणि ऊन उतरल्यावर पानांच्या खालून फवारायचं. अर्क त्याच दिवशी संपवा. निंबोळ्या वैशाख-ज्येष्ठात झाडाखाली सडा पडतो तेव्हाच गोळा करून सावलीत वाळवायच्या. भेंडीच्या पानामागं बारीक जाळी आणि पान फिकट ठिपक्याठिपक्यांचं दिसलं तर तो लाल कोळी. त्याला कोरडी हवा मानवते, म्हणून सकाळी पानांच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा मारायचा, तीन दिवस ओळीनं.

खत म्हणून पंधरा दिवसांनी जीवामृत. ते नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांमुळं घरोघर पोचलं. त्यांचं प्रमाण 200 लिटरचं आहे. परसाला 10 लिटर पुरे: अर्धा किलो देशी गाईचं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, 100 ग्रॅम गूळ, 100 ग्रॅम बेसन, बांधावरची मूठभर माती. सावलीत 48 तास ठेवायचं, रोज दोन वेळा काठीनं ढवळायचं, वर गोणपाट. मग दहापट पाण्यात मिसळून ओल्या मातीत द्यायचं, आठवड्याच्या आत. बादली मशीनपासून लांब ठेवा. एकदा नवरीची आई पैठणीवरचा ब्लाऊज घालून बघायला आली नि नाकाला पदर लावून विचारती झाली, ‘ताई, गटार तुंबलंय का हो?’ मी काय सांगणार! हो म्हणाले.

एप्रिल सरता सरता दुपारी ढग जमायला लागतात. वळवाच्या आधी वारा सुटतो आणि भरलेला मांडव एका झटक्यात आडवा करतो. माझा दोनदा झालाय. त्यामुळं अक्षय्य तृतीयेच्या आत चारी कोपऱ्यांना तिरक्या ताणदोऱ्या, जमिनीत हातभर खुंट्या. गारा पडल्या तर फाटलेली पानं लगेच काढू नका. चार दिवस बघा, शेंडा जिवंत असेल तर वेल सावरतो.

बियांसाठी वेलावरचा दुसरा किंवा तिसरा दोडका राखायचा, पहिला नाही आणि शेवटचाही नाही. सरळ, शिरा ठळक असलेला. त्याच्या देठाला मी पांढरा दोरा बांधते म्हणजे घरातलं कुणी तोडत नाही. तो वेलावरच पूर्ण वाळू द्यायचा, हिरवा जाऊन खाकी होईपर्यंत. वळीव येणारसं दिसलं तर देठासकट कापून पडवीत टांगायचा. माझा या वर्षीचा दाराच्या कडीलाच टांगलाय. मशीनचं पायडल मारलं की चौकट थरथरते आणि तो आतल्या आत खुळखुळतो.