आजाराबद्दल फोनवर शोधण्याआधी एवढं बदलून घ्या

साताऱ्यात माझं औषधांचं दुकान आहे. लोक चिठ्ठी दाखवतात, दुखणं सांगतात. ते काउंटरपलीकडे जात नाही. पण त्याच ताई घरी जाऊन फोनवर थायरॉईडबद्दल वाचतात आणि नंतर पाककृतीच्या पानावरही त्यांना वजन कमी करायच्या पावडरी दिसू लागतात. मला याची चीड येते.

हे बहुतेकदा कुकीमुळे होतं. कुकी म्हणजे वेबसाइटने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटीशी नोंद. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीच्या लू माँटुली यांनी ती तयार केली. लॉगिन टिकतं, कार्टमधल्या वस्तू राहतात, ते तिच्यामुळेच. ती असू द्या. बंद करायची ती थर्ड-पार्टी कुकी. पान आरोग्याचं असतं, पण त्यातला जाहिरातीचा चौकोन भलत्याच कंपनीचा. ती कंपनी तुमच्या ब्राउझरला एक क्रमांक चिकटवते. पाककृतीच्या पानावरही तिचाच चौकोन असला, की तोच क्रमांक पुन्हा तिच्याकडे पोचतो आणि दोन्ही वाचनं एकाच खात्यात जमा होतात.

अँड्रॉइडवर क्रोम उघडा. वरचे तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, थर्ड-पार्टी कुकीज. तिथे ब्लॉक निवडा. हे स्वतःच करावं लागतं, कारण अशा कुकीज सरसकट बंद करायचा बेत गूगलने २०२४ मध्ये सोडून दिला. आयफोनच्या सफारीत त्या २०२० पासून आपोआप अडवल्या जातात. फायरफॉक्स प्रत्येक साइटच्या कुकीज वेगवेगळ्या ठेवतो. मी दुकानात तोच वापरते.

एखादी साइट यानंतर अडली, तर तेवढ्याच साइटला परवानगी द्या.

ॲपना कुकीची गरजच नसते, त्यांच्याकडे फोनचा जाहिरात-क्रमांक असतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये 'ॲड्स' शोधा आणि ॲडव्हर्टायझिंग आयडी डिलीट करा. हे बहुतेक जण विसरतात, म्हणून मी मुद्दाम सांगते.

नाजूक विषय इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या खाजगी टॅबमध्ये शोधा. तिथे गूगल खात्यात लॉगिन करू नका, आणि वाचून झालं की सगळे टॅब बंद करा, तरच त्या कुकीज जातात. ऑफिसच्या वायफायवर मात्र कुठली साइट उघडली ते कळू शकतं. तेव्हा असलं वाचन आपल्या डेटावरच करा.

शेवटी जुन्या कुकीज एकदा पुसून टाका. सगळीकडे पुन्हा लॉगिन करावं लागेल, तेव्हा पासवर्ड हाताशी ठेवूनच बसा.